पाचव्या देवळीचं वय

बेबाबाई बहिरमला कुणी वय विचारलं तर ती आधी विचारणाऱ्याचं तोंड बघते. रेशनचं काम असेल तर पासष्ट सांगते, डॉक्टर असेल तर साठ. जाऊ लताबाई जवळ उभी असेल तर काहीच सांगत नाही, कारण लताबाई स्वतःला तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान म्हणवते आणि त्यावर भांडण व्हायला दोन मिनिटं पुरतात. स्वतःच्या वयाबाबत असा ढिला व्यवहार असलेली ही बाई देवळीच्या वयाबाबत मात्र अडून बसली, त्याची ही गोष्ट आहे.

पिंपळनेरहून पश्चिमेला जाणारा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपल्यासारखा वाटतो. तिथं मोहखडी हे गाव आहे. साठ-सत्तर घरं, बहुतेक कोकणी आदिवासींची. त्यातली निम्मी कॅथलिक, निम्मी नाहीत, आणि कोण कुठल्या निम्म्यात हे सणाच्या दिवशी ओळखू येत नाही, कारण जेवण सगळीकडे सगळ्यांचं असतं. गावामागं सागाचं जंगल. जंगलात चढणीची पायवाट, आणि त्या वाटेवर पाच देवळ्या. माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या, दगडमातीच्या, वर कौलं, आत कोनाड्यात मरिया माउलीची मूर्ती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी यात्रा भरते. साक्रीकडून, नवापूरकडून, पलीकडे डांगातून माणसं येतात. फादर पुढं जपमाळ म्हणत चालतात, मागं कुणी नारळ फोडतं, कुणी अगरबत्ती लावतं. फादर मागं वळून बघत नाहीत. बरं असतं ते.

या देवळ्या कुणी ठरवून बांधल्या नाहीत. पन्नासएक वर्षांपूर्वी एक म्हातारे फादर सायकलवरून यायचे. चढण लागली की सायकल एका धावड्याच्या झाडाला टेकवून पुढं पायी जायचे. ते गेल्यावर गावानं त्या जागेवर दगड रचले. ती पहिली, सायकलची देवळी. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या एका म्हाताऱ्यासमोर अस्वल उभं राहिलं. म्हातारा हलला नाही, पळाला नाही, त्यानं फक्त माउलीला कबूल केलं की वाचलो तर तुझं घर बांधीन. अस्वल कंटाळून निघून गेलं. ती अस्वलाची. तिसरी झऱ्याची, कारण उन्हाळ्यात तिथं पाणी लागलं. चौथी बाळंतिणीची. झोळीत घालून पिंपळनेरला नेत असलेली एक बाई वाटेतच मोकळी झाली. नेणारे चार पुरुष पाठ फिरवून उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं जपमाळ म्हटली. त्यातल्या एकाला ती पूर्ण पाठ नव्हती, तो नुसताच ओरडत होता, असं बेबाबाई सांगते.

पाचवी दिपमालाची. दिपमाला म्हणजे बेबाबाईची मुलगी. श्रावणात शेळ्यांसाठी पाला तोडताना तिला साप चावला, आणि ती वाचली. आता ती धुळ्याला दवाखान्यात नर्स आहे आणि आईला फोनवर रोज विचारते, गोळी घेतली का. देवळी बेबाबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, झुलालनं, दोघांनी बांधली. दगड त्यानं रचले, माती तिनं कालवली. वाटेवरचं सगळ्यात वरचं वळण. तिथून खालचं गाव मुठीत मावेल एवढं दिसतं.

पाचही देवळ्यांना चुना देणं हे बेबाबाईचं काम. तिच्या सासूनं तिला दिलेलं. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं कुंचा हातात ठेवला आणि म्हणाली, आते मना गुडघा चढत नही. तेव्हापासून दर जानेवारीत ती चुन्याचे खडे मडक्यात भिजवते, खदखदून शांत झाले की धावड्याचा डिंक विरघळवून त्यात घालते, चिमूटभर नीळ टाकते आणि शिंदीच्या देठाचा कुंचा घेऊन डोंगर चढते. चुना वाळला की कपाळपट्टीवर, म्हणजे कोनाड्याच्या वरच्या दगडावर, गेरूनं त्या वर्षाचा आकडा लिहिते. चौथीपर्यंत सिस्टरांच्या शाळेत शिकली होती. सासूला आकडे येत नव्हते, हिला येत होते, म्हणून लिहायला लागली. दर वर्षी नवा चुना, नवा आकडा. जुना आकडा खाली जातो.

झुलाल गवंडी. त्याला हे कधीच पटलं नाही. त्याच्या धंद्यात जुना चुना खरवडल्याशिवाय नवा हात मारणं म्हणजे पाप.

“मी चाळीस वरीस सांगी ऱ्हायनू,” तो म्हणायचा, “आधी खरवड, मंग लाव. हाई भीत शे का पुरणपोळी? थरवर थर, थरवर थर.”

“तुम्हनी भीत तुम्ही खरवडा,” बेबाबाई म्हणायची. “माउलीना आंगवरनं लुगडं कोनी वढस का?”

यावर झुलाल बिडी शोधायला लागायचा.

गेल्या वर्षाच्या जानेवारीत नवा वनरक्षक आला. प्रशील नाव. फैजपूरकडचा, केळीच्या बागांत वाढलेला, तिशीचा मुलगा. उभं जंगल त्याला नवीन होतं, पण नोकरीत कच्चा नव्हता. हद्दीची फेरी मारताना त्याला पाच देवळ्या दिसल्या. पांढऱ्या, टवटवीत, आणि पाचांच्याही कपाळावर लाल अक्षरात २०२३, कारण नव्या वर्षाचा चुना अजून लागायचा होता. त्यानं वहीत लिहिलं : राखीव वनात पाच नवीन बांधकामं, गतवर्षीची. आठवड्याभरात नोटीस आली. बांधकामं काढून घ्या, नाहीतर काढली जातील.

गावात नोटीस वाचली भाईदासनं. भाईदास वनहक्क समितीचा अध्यक्ष, बोलायला मोठा, उंचीला लहान. वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला आणि सगळ्यांदेखत बेबाबाईकडे बघितलं.

“माय, तुना आकडानी घात कया.”

पिंपळाखाली बसलेली माणसं एकदम हसली आणि एकदम थांबली. बेबाबाई हसली नाही. चाळीस वर्षं तिनं जे निगुतीनं केलं होतं, त्यानंच देवळ्यांचं वय पुसून टाकलं होतं. घरी येऊन तिनं कुंचा कोपऱ्यात उभा केला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी प्रशीलला बोलावलं. तो आला, पाणी प्यायला, खाटेवर टेकला. बोलायला नरम होता.

“अक्का, मला देवळ्यांशी वैर नाही. पण वनहक्क कायद्याप्रमाणे २००५च्या आधीच्या आहेत असा पुरावा लागेल. तेवढा दाखवा, मी वर तसं लिहितो.”

“पुरावा म्हंजे?”

“फोटो, पावती, एखादा कागद.”

कागद नव्हता. दगड नदीतले, माती शेतातली, मजुरी कुणी घेतली नव्हती. फोटो एकच निघाला, लताबाईच्या लग्नातला. त्यात पहिल्या देवळीचं अर्धं कौल आणि लताबाईच्या दिराचं पूर्ण डोकं होतं.

“मग तोंडी सांगा,” प्रशील म्हणाला. “अस्वलाची देवळी केव्हाची?”

“अस्वल उनं तवयनी.”

“अस्वल केव्हा आलं?”

“मोह वेचाना टाईमले.”

“कोणत्या वर्षी, अक्का?”

बेबाबाईनं विचार केला. “त्या वरीस भाईदासना बापनी म्हैस इहीरमा पडनी.”

भाईदासनं मान डोलावली. म्हैस त्याला आठवत होती, साल नाही. प्रशीलनं पेनचं टोपण लावलं. जंगलात साल टिकत नाही, हे त्याला हळूहळू कळत होतं. तिथं पानं पडतात, कुजतात, त्यांच्यावर पुढची पडतात, आणि कुणी विचारत नाही की हे कुठल्या वर्षाचं.

बहुधा पानांचाच विचार असेल, किंवा नुसता राग. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता बेबाबाई थांबली आणि म्हणाली, “खाले शेत ना ते.”

“काय?” झुलालनं विचारलं.

“आकडा. मी कोठे पुसेल शेत? झाकेल शेत.”

जुने आकडे पुसले गेले नव्हते, थराखाली थर नुसते झाकले गेले होते, हे झुलालला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठून उभाच राहिला.

म्हणजे खरवडावं लागणार होतं. ज्यावरून चाळीस वर्षं भांडण चाललं होतं ते आता तिनंच त्याला करायला सांगायचं. तिनं सांगितलंही, पण पाठ फिरवून. “तुम्ही करा. मी देखाव नही.” गंमत अशी की झुलालचा जोर तिथंच गेला. रात्रभर तो म्हणत होता, हात जड शे मना, एकदम दगड उघडा पडी गया तर? सकाळी त्यानं गिलाव्याची करणी घरीच ठेवली आणि दाढीचं पातं घेतलं.

प्रशील, भाईदास, चार पंच, लताबाई आणि बोलावलं नव्हतं अशी वीसेक माणसं सायकलच्या देवळीपाशी जमली. झुलालनं कपाळपट्टीवर वीतभर जागा आखली. पातं तिरकं धरलं. बेबाबाई दहा पावलं दूर, सागाच्या बुंध्याला टेकून, डोंगराकडे तोंड करून उभी होती.

२०२३चा पापुद्रा सुटला. डिंकानं चुना चांगला धरला होता, पण गेरूच्या रेषेवर तो नेमका मोकळा व्हायचा. खाली फिकट लाल, स्वच्छ : २०२२.

“निंघना!” लताबाई ओरडली.

मग कुणी कुणाचं ऐकेना. २०२१चा थर कागदासारखा पातळ होता. त्या वर्षी करोनामुळं यात्रा नव्हती, बेबाबाई एकटीच येऊन एक हात देऊन गेली होती. २०१९ला नीळ जास्त पडलेली. झुलाल घामानं भिजला, पण पातं थरथरलं नाही. गवंडी म्हणून त्यानं आयुष्यात भिंती चढवल्या होत्या. उतरवत पहिल्यांदाच होता, आणि ते काम त्याला चढवण्यापेक्षा नाजूक वाटलं असावं. माणसं आपापली वर्षं ओळखत होती. हे मन्ही पोरनं लगीन. हाई दुष्काळ. भाईदास म्हणाला, हाई मी निवडणुकीमा पडनू ते, लवकर खरवड.

मग २००९ आलं. त्याच्या खालीही २००९.

प्रशील पुढं झुकला. “हे काय? एकाच वर्षी दोनदा?”

सगळे बेबाबाईकडे वळले. तीही आता वळली होती. केव्हा, ते कुणाला कळलं नाही. ती खालमानेनं म्हणाली, “वाण्याकडनं नवं कॅलेंडर उनं नव्हतं. भिंतवर जुनंच व्हतं. मी तेच देखी लिखी लिधं.”

“म्हणजे वरचं दहाचं?”

“दहानं.”

प्रशीलनं ओठ दाबून हसू आवरलं आणि वहीत नोंद केली : एका थरावर चुकीचा आकडा, कारण कॅलेंडर. नंतर तो म्हणायचा की त्या चुकीवरच त्याचा विश्वास बसला. खोटं लिहिणारा माणूस अशी चूक करत नाही.

२००५. २००४. तिथं थांबता आलं असतं, पण झुलालला आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. तो १९८४पर्यंत गेला. त्याच्याखाली आकडे नव्हते, नुसते पांढरे थर, सासूच्या हातचे, आणि सगळ्यात खाली शेणमातीवर ओढलेल्या बोटांच्या रेषा.

त्याच दिवशी अस्वलाची झाली, झऱ्याची झाली, बाळंतिणीची झाली. चारही २००५च्या पार खाली गेल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. प्रशीलनं चार पानं भरली, पंचांच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि पाचव्या पानाकडे वळला.

पाचवी देवळी वर, अजून अर्ध्या तासाच्या चढणीवर. गावातल्या सगळ्यांना तिचं वय माहीत होतं. म्हणून सगळे एकदम बोलायला लागले.

भाईदास म्हणाला, “साहेब, चार देखी लिध्यात ना? पाचवी बी तशीच शे. ऊन व्हयी गयं. घर चला, भाकर खा.”

प्रशील थकला होता. त्याच्या बुटात काहीतरी टोचत होतं. त्यानं पेन कागदावर टेकवलं. “पाचवीही तशीच, असं लिहू ना? अक्का, तुम्ही सांगा. तुमच्या हातचा चुना. तुमच्या शब्दावर लिहितो.”

सगळं जंगल ऐकत असल्यासारखं वाटलं. खरं तर फक्त वीस माणसं आणि एक कोतवाल पक्षी ऐकत होता. पाच देवळ्यांत बेबाबाईला जिवाची कुठली हे सांगायची गरज नव्हती. हो म्हटलं की ती राहणार होती. लताबाईनं तिला कोपरानं ढोसलं. झुलाल पात्याकडे बघत राहिला.

“ती बारा थरनी शे,” बेबाबाई म्हणाली. “दोन हजार अकराना श्रावणमा साप चावना. बाराना फेब्रुवारीमा बांधी.”

“माय!” भाईदासनं कपाळावर हात मारला.

“काय माय? साल बदलं ते साप बी बदली. मंग माउलीनी वाचाडी ती कोनी पोर?”

प्रशीलनं लिहिलं : पाचवी देवळी, सन २०१२. लिहून झाल्यावर वही न मिटताच म्हणाला, “अक्का, ही काढावी लागेल.”

“समजनं माले.”

खाली उतरताना लताबाई सगळी वाट बोलत होती. “खरं बोलाना रोग शे तुले. मना वयनी गोष्ट निंघनी का मातर तुनं तोंड शिवाई जास. साहेब हातमा पेन लिसन उभा, आन् हाई बाई सापना पंचांग सांगस!” बेबाबाईनं एक शब्दही परतवला नाही. लताबाईला तीच काळजी वाटली. घरी पोचल्यावर ती स्वतःच्या चुलीवरचं कालवण घेऊन आली आणि जेवेपर्यंत उठली नाही.

दोन दिवस बेबाबाई अंगण झाडत राहिली. झाडून झालेलं पुन्हा झाडायची. दिपमालाचा धुळ्याहून फोन आला. तिला भाईदासच्या सुनेकडून सगळं कळलं होतं. ती रडेल असं आईला वाटलं होतं. ती म्हणाली, “आई, मी आते अठे शे, जित्ती. देवळी कोठे शे त्यानं काय शे? तिले घर लयी ये. जंगलमा कितला दिवस ठेवशी एकलीले?”

बेबाबाईनं झाडू ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव वरच्या वळणावर होता. प्रशीलही आला, वर्दीत नाही, साध्या शर्टात, आणि त्यानं सांगून टाकलं की आज माझी सुट्टी आहे, मी काही बघितलं नाही असं नाही, पण मला दगड उचलता येतो. कौलं उतरली. मूर्ती बेबाबाईनं पदरात घेतली; कोनाडा बारा थरांनी एवढा अरुंद झाला होता की ती दोनदा अडकली, आणि झुलाल मोठ्या समाधानानं म्हणाला, “सांगेल व्हतं ना.” दगड बायांनी डोक्यावर घेतले. मोठे दगड पुरुषांनी बांबूला बांधले. कॅथलिक नसलेल्यांनी जास्त उचलले, आणि ते वर्षभर सगळ्यांना ऐकवायची सोय त्यांनी करून घेतली.

बेबाबाईच्या अंगणात, सातबाऱ्यावर झुलालचं नाव असलेल्या जागेत, चार दिवसांत पाचवी देवळी उभी राहिली. आधीपेक्षा वीतभर उंच. झुलालनं सगळे दगड घासूनपुसून लावले, एका दगडावरही जुना चुना ठेवला नाही, आणि बेबाबाईनं त्याला ते करू दिलं.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात वरून कागद आला. चार देवळ्यांची नोटीस मागे घेतली होती. भाईदासनं कागद पिंपळाखाली तीनदा वाचून दाखवला, तिसऱ्यांदा त्यात स्वतःची दोन वाक्यं घालून.

मग प्रश्न आला यात्रेचा. जपमाळेचे पाच भाग, पाच देवळ्या. पाचवा भाग कुठं म्हणायचा? फादर म्हणाले, त्यात काय, चौथ्या देवळीवरून खाली उतरू आणि शेवटचा भाग बेबाबाईच्या अंगणात म्हणू. बेबाबाई हो म्हणाली. त्याचा अर्थ तिला यात्रेच्या दिवशी दुपारी कळला.

कारण तोवर यात्रा जंगलात संपायची आणि माणसं तिथून पांगायची. जंगलात कुणी कुणाकडे चहा मागत नाही. त्या वर्षी सहाशे माणसं एका घराच्या अंगणात येऊन संपली, आणि घरात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणं मोहखडीत आजवर कुणाला जमलेलं नाही. आमेन म्हणून झालं तेव्हा अंगण भरलं होतं, गोठा भरला होता, कुंपणावर माणसं बसली होती. फादर खाटेवर बूट काढून तळवे चोळत होते. चौथ्या देवळीवर आपलं लग्नाचं साल सापडलं नाही म्हणून डांगातली एक म्हातारी झुलालला जाब विचारत होती, आणि तो तिला समजावत होता की तुझं लगीन या डोंगरावर झालं नाही, त्याला मी काय करू. प्रशील डोक्याला रुमाल बांधून चुलीत लाकडं सारत होता.

“कितला राहिनात?” आतून बेबाबाई ओरडली. तिच्या समोर तिसरं पातेलं उकळत होतं.

लताबाई दारात उभी राहून, एक हात कपाळावर धरून, गावाबाहेरच्या वाटेकडे बघत होती. “आते ते कुठे झऱ्यापर्यंत उनात,” ती म्हणाली. “आन् ऐक, नवापूरवाला बठ्ठा बिनसाखरना पेतस म्हने. डायबेटीस शे त्यासले. येगळं पातेलं ठेव.”

“देखा!” बेबाबाई म्हणाली. “देवळी घर आनी, ते ती बी बिनसाखरनी गिऱ्हाइकं लिसन उनी!”

ती हसत होती की धुरानं डोळे पुसत होती, हे आत वाकून बघायला कुणाला सवड नव्हती. चौथं पातेलं शोधायला सगळे शेजारी धावले होते.